पुढे धाडलेल्या शब्दाचे पाप

जऊळक्यासारख्या गावात कुणी नवी खानावळ उघडली, तर तिचे नशीब चुलीइतकेच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही ठरते. ‘तिथलं तेल शिळं असतं म्हणे’ एवढे पुरते. त्या ‘म्हणे’ला धनी नसतो.

२०२०च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा अशीच फिरली. सरकारने खुलासे केले, तरी महाराष्ट्रात दर कोसळले आणि कुक्कुटपालक बुडाले. यातले पाप कुणाचे? रचणाऱ्याचे, की न तपासता पुढे धाडणाऱ्याचेही?

जऊळक्याच्याच मालेगाव तालुक्यात शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. जैन परंपरेच्या अठरा पापस्थानांत खोटा आळ, चहाडी आणि परनिंदा यांना वेगवेगळी जागा आहे, आणि त्याच यादीत हिंसाही आहे. बुद्धाच्या सम्यक वाचेतही चहाडी वर्ज्य. आळ आणि चहाडी वेगळी मोजण्याची बारकाई फार मोलाची, कारण आळ खोटा असतो, पण चहाडी खरी असली तरी दोष ठरते.

पण तेल खरेच शिळे असेल तर?

तर गप्प बसणेही चूक. मालकाला समोर सांगावे, नाही ऐकले तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तिथे त्याला आपली कढई दाखवता येते. गटात बहुधा तो नसतोच.