इंजिनाच्या आतलं कोण बघतंय?



साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या ट्रॅक्टरची इंजिनं उघडली जातात. धूर मारतोय, ऑइल खातोय, चढाला ट्रॉली ओढत नाही. मग प्रश्न येतो: कंपनीचाच माल घालायचा की बाहेरचा? आपल्या ग्रुपमध्ये शेतकरी आहेत, मिस्त्री आहेत आणि स्पेअरचं दुकान चालवणारेही आहेत. म्हणून जरा मोकळेपणानं बोलू.

आपण ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द एकाच दमात बोलतो, तिथंच घोळ होतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांतलं बरंचसं ट्रॅक्टर कंपनी स्वतः बनवत नाही, ती दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. त्यांतले काही कारखाने आपल्या स्वतःच्या नावानंही बाजारात माल विकतात. आपल्याच घरातली किती तरी मुलं उद्यमबागेत फौंड्रीत नाहीतर मशीनवर उभी आहेत की! त्यांच्या हातच्या मालाला नुसतं नाव मोठं नाही म्हणून नाक मुरडायचं, हे आम्हाला पटत नाही. पण दुसऱ्याच्या नावाचा खोटा डबा छापून विकणं ही गोष्ट वेगळी. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 प्रमाणे तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि विकणाराही त्यातून सुटत नाही.

आता एचएमटीचं बघा. 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर हे ट्रॅक्टर बनू लागले. 2016 मध्ये केंद्र सरकारनं तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. ट्रॅक्टर मात्र अजून शेतात आहेत. मालक म्हणतो, “मिस्त्री, ओरिजिनलच घाला हं.” मिस्त्री म्हणतो, “हो हो, कंपनीचंच.” अहो, कुठली कंपनी? बाहेरचा माल घालण्यात काहीच वावगं नव्हतं. त्या ‘हो हो’मध्ये खोटं शिरलं.

सगळे पार्ट सारखे नसतात, हेही खरं. सीट, दिवा, आरसा कुणाचाही घाला. क्रँकचं बेअरिंग मात्र तसं नाही. ती पातळ वाटी आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, त्यावर सगळा भार तरंगतो. वाटीचा धातू हलका निघाला तर ती झिजते, ऑइलचं प्रेशर पडतं, क्रँकवर ओरखडे येतात. मग क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज वाटी घालायची. पण क्रँक किती वेळा घासणार? त्याला मर्यादा आहे. काही शे रुपये वाचवलेल्या वाटीची किंमत क्रँक भरतो, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर अख्खं घर भरतं.

म्हणून डब्यापेक्षा माप महत्त्वाचं. चांगला मिस्त्री रिंग आधी मोकळ्या लायनरमध्ये सरळ बसवतो आणि तोंडाची फट फिलर गेजनं बघतो. 100 मिलिमीटर बोअरला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर धरतात, नक्की आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. डबा मोठ्या नावाचा आहे म्हणून मोजलंच नाही, ही श्रद्धा वाटते, पण खरं म्हणजे तो आळस. (असली श्रद्धा आपण गॅरेजबाहेरही पुष्कळ करतो, असो.)

काही मिस्त्री बंधू म्हणतात, “माणूस गरीब आहे हो. महागाचा आकडा सांगून कशाला घाबरवायचं? आम्हीच परवडेल ते घालतो.” यात माया आहे, नाही कसं म्हणू? पण त्या मायेत त्याचा निर्णय आपण परस्पर घेऊन टाकला. त्याला कदाचित दोनच हंगाम गाडी ओढायची असेल, कर्ज फेडून विकायची असेल, तर स्वस्त किट घेणं त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचंच. किंवा दागिना गहाण ठेवून भारीतलं बेअरिंग घालायचीही त्याची तयारी असेल. दोन भाव, दोन नावं त्याच्यापुढं ठेवा. बिलावर मेकचं नाव लिहा आणि काढलेले जुने पार्ट पोत्यात घालून त्याच्या घरी पाठवा. त्याला त्यातलं कळत नसलं तरी पाठवा. हेड एकदा बसलं की आतलं कुणाला दिसत नाही, म्हणून तर हे आधी बोलायचं.

एक गाठ मात्र आमच्यातच सुटलेली नाही. दोन वर्षांनी तो ट्रॅक्टर विकताना आत कुठल्या मेकचं किट आहे हे घेणाऱ्याला न विचारताही सांगायचं का? काही ज्येष्ठांचं म्हणणं, विचारलं तर खरं सांगावं, एवढं पुरे. आम्हाला वाटतं, ते बिल गाडीच्या कागदांबरोबरच द्यावं. तुमच्या घरी काय बोलणं होतंय ते गुरुवारी सत्संगाला याल तेव्हा सांगा. मिस्त्री मंडळींनी तर जरूर बोलावं.