अठरा बंद खोल्या

१९७०च्या दशकातली गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या गणित विभागात युरी ट्राइसमन नावाचा तरुण संशोधक होता. एक प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. इंजिनिअर व्हायचं तर पहिल्याच वर्षी कॅल्क्युलसचा घाट चढावा लागे, आणि कृष्णवर्णीय मुलं नेमकी तिथेच गळत. त्याने प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं तयारच होती. पाया कच्चा, घरी गरिबी, आईबापांचं लक्ष नाही, मुळात शिकायची ओढच नाही.

ट्राइसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात, हे त्यांच्यात जाऊन पाहू लागला. पाहता पाहता एकेक उत्तर खोटं ठरत गेलं. या कृष्णवर्णीय मुलांपैकी कितीतरी आपापल्या शाळेत पहिली आलेली. त्यांनी इथवर यावं म्हणून आईबापांनी जिवाचं रान केलेलं. मुलं तास चुकवत नव्हती, गृहपाठ वेळेवर देत होती, आठवड्याला आठ-आठ तास गणित करत होती.

पण वीसपैकी अठरा जण एकटेच अभ्यास करत. वस्तीतल्या ओढींपासून लांब राहून, खोलीचं दार लावून अभ्यास केला म्हणूनच ती इथवर पोचली होती. ज्या सवयीने तारलं, ती सोडायची तरी कशी? गणित अडलं की दोष स्वतःचाच वाटे. शेजारच्या खोलीत तेच गणित दुसऱ्यालाही अडलंय, हे कळायला वावच नव्हता. चिनी वंशाची मुलंही आधी एकटी बसत, पण संध्याकाळी एकत्र जमत, जेवत आणि एकमेकांच्या चुका काढत.

मग ट्राइसमनने एक कार्यशाळा सुरू केली. तिला कच्च्या मुलांची शिकवणी असं रूप त्याने येऊ दिलं नाही, आणि मला त्याचं खरं शहाणपण इथेच दिसतं. त्याने मुलांना हुशारांचा गट म्हणून बोलावलं, नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि एका टेबलाभोवती बसवलं. मुलं वाद घालू लागली, फळ्यावर चुकू लागली.

ज्यांना आधीच नापासांत धरलं होतं, त्यांतली बरीच मुलं कॅल्क्युलसमध्ये वर्गातल्या इतरांच्या पुढे गेली.