शिरणं आणि टिकणं

आतड्यात शिरायला जिवाणूला काहीच लागत नाही. दासगावातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, शेण विस्कटते, कणी टिपते. चोचीगणिक हजारो जिवाणू आत जातात. त्यातले बहुतेक विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. भरतीबरोबर मचवा सहज आत यायचा. ओहोटीत थांबायचं तर नांगर लागायचा. आतड्यात कायम ओहोटीच असते. वाहून जाण्याच्या वेगापेक्षा ज्याची वाढ वेगवान, तोच तिथे राहतो. वाढीला अन्न हवं, आणि समोर असलेलं अन्न फोडायला नेमकं विकर हवं. नांगर तो.

कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूला कोंबडीच्या अंगची 41-42 अंशांची ऊब मानवते. पण उबेवर पोट भरत नाही. साखरेवर जगणं त्याला सहसा जमत नाही. तो अमिनो आम्लं खातो, त्यातही सेरीन आधी. सेरीन फोडणारं त्याचं विकर इतकं नाजूक की प्राणवायू लागताच निकामी होतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या विकराचं जनुक काढून टाकलं. जिवाणू मेला नाही, प्रयोगशाळेत वाढतही राहिला. पिल्लांच्या आतड्यात मात्र त्याला वस्ती करता आली नाही. ही गोष्ट 2004 सालची. मला त्यात जगण्याबद्दलचं मोठं सत्य दिसतं: बळ कमी पडल्याने कोणी जितका हटत नाही, तितका तिथलं अन्न न पचल्याने हटतो.

कॅम्पिलोबॅक्टरच्या वस्तीने कोंबडीला बहुधा काही होत नाही. कच्चं राहिलेलं मांस खाणाऱ्या माणसाला हगवण लागते. एकाच्या पोटात जो निरुपद्रवी, तो दुसऱ्याच्या पोटात रोग.

लॅक्टोबॅसिलस आपल्याला उपकारक म्हणून ठाऊक. त्याच्या कित्येक जातींपाशी पित्तातले क्षार फोडणारं विकर असतं. पित्ताचा मारा सोसायला ते कामी येतं. पण त्याच क्षारांच्या मदतीने कोंबडी चरबी पचवते. उपकार करणाराही स्वतःसाठीच जगतो. त्याचा राग धरू नये.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पहिल्या दिवसाची आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात वस्ती जवळजवळ नसते. खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लांना घेऊन परसात उतरते. ती उकरते, ती टिपतात. दाण्याबरोबर तिच्या विष्ठेचा कणही जातो. आपल्याला किळस येते. पिल्लाला मात्र त्यातून अख्खी वस्ती मिळते, तिच्या सगळ्या विकरांसकट. उरलंसुरलं खाणारे आधीच तिथे असले की उशिरा येणाऱ्याला खायला थोडंच उरतं.

फिनलंडमध्ये नुर्मी आणि रंताला यांनी हे 1973 साली दाखवून दिलं. मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल त्यांनी कोवळ्या पिल्लांना दिला. त्या पिल्लांत साल्मोनेलाला सहजी पाय रोवता आले नाहीत. औषध नव्हतं ते. आईकडून यायचं ते माणसाने आणून दिलं, एवढंच.

उबवणी यंत्र ऊब देतं, ओल राखतं, 21 दिवसही मोजतं. विष्ठा देत नाही. लाखोंनी पिल्लं काढायची तर स्वच्छता हवीच, यात वाद नाही. पण त्या पिल्लाचं आतडं जो पहिला येईल त्याला मोकळं असतं, आणि तो पहिला कोण, हे नशिबावर सोडणं मला पटत नाही.

परसातलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. घार नेते, मुंगूस नेतं, मानमोडी आली तर खुराडं रिकामं होतं. रक्ती हगवणीचे कणही त्याच मातीत असतात. तरीही यंत्रातली चार पिल्लं विकत आणली आणि घरात खुडूक कोंबडी असली, तर ती रात्री तिच्या पोटाखाली सरकवावीत. बहुतेकदा ती आपली म्हणून घेते. कोंबडी मात्र निरोगी हवी, आणि मानमोडीची लस तिला आधी दिलेली हवी.