व्याधी आणि संशय (योगसूत्र, समाधिपाद, सूत्र ३० आणि ३१)



ओंकाराच्या जपाची सूत्रं परवा संपली. जपाने अडथळे दूर होतात, असं तिथे शेवटी आलं होतं. ते अडथळे कोणते, हे तिसावं सूत्र सांगतं. पतंजली एकूण नऊ मोजतात. मी आज त्यातले दोनच घेणार आहे, पहिला आणि तिसरा. पहिला व्याधी, तिसरा संशय. उरलेले सात पुढे कधीतरी बघू. (त्यात आळसही आहे, त्यामुळे तो लेख उशिरा येईल अशी दाट शक्यता आहे.)

हे दोन वेगळे का मोजलेत, इथे माझं मन अडकलं. व्यासभाष्यात व्याधीचा अर्थ सरळ शरीराचा आहे: धातू, रस, इंद्रियं यांचं संतुलन बिघडणं. आणि संशय म्हणजे दोन्ही टोकांना शिवणारं ज्ञान. हे असं असेल, की असं नसेल? मन या टोकावरून त्या टोकावर जातं आणि कुठेच टेकत नाही. पोटात दुखतंय ही व्याधी. सोनोग्राफीचा रिपोर्ट स्वच्छ आलाय, तो हातात आहे, आणि तरी मन म्हणतंय की मशीन जुनं असेल, डॉक्टरांनी घाईत बघितलं असेल, तर तो संशय. व्याधीवर तपासणीचा उपयोग होतो. संशयावर तीच तपासणी केली तर दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक तपासणी करावीशी वाटते.

पुढचं, एकतिसावं सूत्र म्हणजे तर लक्षणांची यादीच आहे. या अडथळ्यांच्या सोबतीने काय काय येतं? दुःख, मनाची खिन्नता, अंगाला सुटणारं कापरं, आणि श्वासाचं बिघडलेलं येणं-जाणं. कापऱ्यासाठी तिथे ‘अंगमेजयत्व’ असा शब्द आहे. पॅनिक अटॅक ज्याने एकदा अनुभवलाय त्याला हे सूत्र समजावून सांगावं लागणार नाही. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात कापणारं अंग आणि चुकलेला श्वास मनाच्या अडथळ्याला जोडून ठेवलाय, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बराच वेळ बसले होते.

मला हा त्रास २०२१ पासून आहे. ते साल आपल्यापैकी कुणाच्या घरात कसं गेलं हे सांगायला नको. आमच्या मंद्रूपच्या घरी तेव्हा देवघराच्या फळीवर जपमाळ आणि ऑक्सिमीटर शेजारी-शेजारी असायचे. साथ ओसरली, ऑक्सिमीटर काही फळीवरून हलला नाही. दिवसातून दहा वेळा बोट घालून बघायचं. ९८ आलं की सुटल्यासारखं, ९६ आलं की पुन्हा बघायचं, बोट बदलून बघायचं. मग पुण्यात नोकरी लागली, पीजीवर राहायला आले, आणि ती सवय फोनमध्ये शिरली. रात्री दोन वाजता लक्षणं टाइप करायची. आमच्याच तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होते, आणि हे वाचेल तो विजयी होईल असं त्यात म्हटलंय. रात्री दोनला गुगलवर वाचणाऱ्याला मात्र हे लागू नाही, एवढं मी स्वानुभवाने सांगते.

पण आजचा माझा खरा प्रश्न वेगळा आहे. देवावर श्रद्धा आहे, तर मग ही भीती का?

हा प्रश्न लोक विचारतात, प्रेमानेच विचारतात. “नाम घे की, सगळं पळून जातंय.” नाम घेतलं. धडधड थांबली नाही. आता हिशोब असा होतो की एक तर नाम खोटं, नाहीतर माझी श्रद्धा खोटी. नाम खोटं म्हणवत नाही, म्हणून दोष स्वतःवर येतो. म्हणजे आजाराची भीती होतीच, त्यावर आता पाप केल्यासारखं ओझं. कीर्तनाला बसल्यावर छातीत धडधडायला लागलं, उठून बाहेर यावं लागलं, आणि चपला शोधताना शरमेने मान वर होईना, हे कितीतरी भाविक पोरापोरींच्या वाट्याला येतं.

शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त मोकळं आहे. योगसूत्राच्या दुसऱ्या पादात ‘अभिनिवेश’ नावाचा क्लेश येतो. अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मरणाचं भय. ते आपल्याच ओघाने वाहत असतं आणि विद्वानालाही सोडत नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. विद्वानालाही! म्हणजे ज्याने सगळं वाचलं, समजून घेतलं, त्यालाही. भीती वाटणं हा अश्रद्धेचा पुरावा धरला असता, तर पतंजलींनी ही सवलत कशाला ठेवली असती?

आणि अर्जुन. गीतेच्या पहिल्या अध्यायात तो स्वतःच्या शरीराचं वर्णन करतो: अवयव गळून चाललेत, तोंडाला कोरड पडलीय, अंग थरथरतंय, त्वचेची आग होतेय, धनुष्य हातातून निसटतंय, उभंही राहवत नाही. हल्ली याला पॅनिक अटॅक म्हणून मोकळे होतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्याची भीती स्वतःच्या मरणाची नव्हती, आपल्या माणसांना मारावं लागेल याची होती. पण शरीराची भाषा तीच आहे. आता पुढचं बघा. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला चांगलाच टोचतो, दुबळेपणा सोड आणि ऊठ म्हणतो. हे दोन श्लोक आहेत. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन आपली बाजू पुन्हा मांडतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. आपल्या घरचे, मित्र, कधीकधी प्रवचनकारसुद्धा त्या दोन श्लोकांवर थांबतात. ऊठ, काही झालेलं नाही. पुढचे अध्याय कुणी बोलायचे?

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण हे कळल्यावर निम्मी भीती उतरते. धोका दिसला की पळायची किंवा लढायची तयारी शरीर आपोआप करतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. समोर धोका नसतानाही ही घंटा वाजली, तर तो पॅनिक अटॅक. श्वास फार भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. नेमकी हीच लक्षणं बघून माणसाला वाटतं की आता अटॅक आला. मग आणखी अ‍ॅड्रेनलिन. काही मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग उतरतं. पण पहिल्यांदा छातीत दुखलं, तर हे सगळं ज्ञान बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं आणि ईसीजी काढायचा. एकदा व्यवस्थित तपासून घेणं हा व्याधीचा मान आहे. तीच तपासणी सातव्यांदा करतो तेव्हा आपण संशयाची पूजा करत असतो.

आता जपाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोलायचंय. संशयाला हमी हवी असते. ‘मला काही होणार नाही’ एवढी एक शंभर टक्के हमी. ती तो डॉक्टरकडे मागतो, गुगलकडे मागतो, आईकडे मागतो, आणि हळूच देवाकडेही मागायला लागतो. एकशेआठ मणी झाले, धडधड कमी झाली का? नाही? मग अजून एक माळ. मध्येच मोजणी चुकली, आता पहिल्यापासून, नाहीतर काहीतरी वाईट होईल. हा जप राहिलाच नाही. माळेचा ऑक्सिमीटर झाला. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं पोरगी फार भाविक झाली.

पण देव अशी हमी देतो असं संतांनी तरी कुठे सांगितलंय? तुकोबांच्या डोळ्यांदेखत दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, पत्नी अन्नावाचून गेली. त्यांच्या भक्तीला हमीचा आधार नव्हता. आणि काळजी घेणं म्हणजे अविश्वास, असंही वारकऱ्यांनी कधी मानलं नाही. २०२० आणि २०२१ च्या आषाढीला पादुका मोजक्या लोकांनिशी एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. लाखो लोक घरी बसले. त्यांची निष्ठा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की धडधड थांबावी म्हणून जप करायचा नाही. वेळ झाली की करायचा. धडधड असेल तर धडधडीसकट, नसेल तर तिच्याशिवाय. मोजणी चुकली तर चुकली, पुढचा मणी घ्यायचा. हे लिहायला सोपं आहे. करताना पहिले काही आठवडे अंगावर काटा यायचा, कारण संशय सतत म्हणायचा की आज मागे वळून बघितलं नाहीस, आता बघ काय होतंय ते.

जवळच्या माणसांचाही एक नैतिक पेच यात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तुमची बहीण, रूममेट, नवरा दिवसातून वीस वेळा विचारतो, “हात बघ, गार पडलाय का? मला काही होत नाही ना?” तुम्ही काय उत्तर द्यायचं? “काही होत नाही” म्हणणं दयाळूपणाचं वाटतं. पण ते एक तर खोटं आहे, कारण उद्याचं कुणालाच माहीत नसतं. आणि दुसरं, ते त्या माणसाला पुढच्या तासाला पुन्हा विचारायला लावतं. मग चिडून गप्प करणं हे तरी बरोबर आहे का? तेही नाही.

मला याचं सगळ्यात बरं उत्तर आमच्या आज्जीकडे दिसलं. मंद्रूप विजापूर रस्त्यावरचं गाव, घराघरात कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात येते. सुट्टीला घरी गेले होते, दुपारचं ऊन म्हणजे सोलापूरचंच ऊन, लाइट गेलेली, आणि मला सुरू झालं. आई पाणी आणायला धावली, आप्पा म्हणाले, “परवाच काढलाय की ईसीजी.” आज्जी शेंगा फोडत बसली होती. तिने आपली जागा जरा सरकवली, मला शेजारी बसवलं, आणि “अंजब्याड” एवढंच म्हणाली. भिऊ नको. मी विचारलं, “आज्जी, मला काही होणार नाही ना?” ती म्हणाली, “ते सिद्धेश्वराला ठाऊक. तू एवढ्या शेंगा घे.” आणि सूप माझ्याकडे ढकललं. तिने हमी दिली नाही आणि सोडूनही गेली नाही. नंतर समुपदेशनात ताईंनी घरच्यांसाठी जे सांगितलं ते जवळपास हेच होतं: उत्तर देऊ नका, सोबत बसा, आणि हातातलं काम चालू ठेवा.

अर्थात आज्जीच्या शेंगांनी मी बरी झाले असं नाही. माझी गोळी चालू आहे, समुपदेशनही बरेच महिने चाललं. तिथे धडधडीपासून पळण्याऐवजी मुद्दाम तिच्यापाशी थांबायला शिकवतात. जिने भराभर चढायचे, हृदय जोरात चालू द्यायचं, आणि काही न तपासता ते आपोआप शांत होईपर्यंत थांबायचं. हे मला कुठल्याही तपापेक्षा कमी वाटलं नाही. गावाकडे मात्र ‘डोक्याची गोळी’ म्हटलं की आवाज खाली येतो. बीपीची गोळी चारचौघांत घेता येते, ही नाही. जी माणसं सिद्धेश्वराच्या यात्रेत भर गर्दीत बिनधास्त चालतात तीच मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर तोंडावर पदर घेतात. सोलापूरच्या सिव्हिलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हा विभाग असतो. एवढंही जाववत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तो मोफत आहे, कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

श्वासाबद्दल एक गोष्ट राहिली. चौतिसाव्या सूत्रात श्वास बाहेर सोडण्याचा आणि धरण्याचा उपाय येतो, त्यावर आपण तिथे पोचल्यावर सविस्तर बोलू. तोपर्यंत पॅनिक चालू असताना कुणी यूट्यूब बघून कुंभक करायला जाऊ नका. श्वास आत येताना येईल तसा येऊ दे, बाहेर सोडताना जरा सावकाश सोडा. आणि तेही ‘थांबलं का, थांबलं का’ असं बघत नको.

उद्या बत्तिसावं सूत्र. मी उद्या गावी निघतेय, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये नेट मिळालं तर रात्रीपर्यंत टाकते.