काठिण्य आणि स्वभाव

बौद्ध अभिधर्मपरंपरेत पृथ्वीधातूचे लक्षण काठिण्य आणि तेजोधातूचे लक्षण उष्णता असे मानले जाते, आणि वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त ही लक्षणे त्या त्या धातूचा स्वभाव म्हणून, म्हणजे अन्य कशापासून उसने न घेतलेले निजरूप म्हणून, सांगितलेली आहेत. त्याच्या आधी नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त असा आक्षेप घेतला होता की, जे कारणांच्या आश्रयाने उभे आहे त्याला स्वभाव म्हणता येत नाही. दगडाचे काठिण्य दगडाचे स्वतःचे आहे काय, हा या वादातला प्रश्न संपीड्यतेच्या अभ्यासाकडे नेला असता अधिक नेमका होतो.

दाब वाढवला असता पदार्थाचे आकारमान किती अंशाने घटते, याच्या मापाला संपीड्यता म्हणतात. कोणत्याही स्थायूची संपीड्यता शून्य नसते. आकारमान ठरावीक प्रमाणात घटवायचे झाल्यास हिऱ्यावर सोडियमच्या सुमारे सत्तर पट दाब द्यावा लागतो, तरीही हिरा दबतोच. शिवाय हे माप एकाच पदार्थात स्थिर राहत नाही. तापमान वाढले की अणूंची कंपने मोठी होतात, त्यांच्यातील सरासरी अंतर वाढते, बंध सैल होतात आणि स्थायू सामान्यतः अधिक दबण्याजोगा होतो. उलट दाब वाढत गेला की जवळ आलेल्या अणूंमधील प्रतिकर्षण झपाट्याने वाढते आणि पुढचा प्रत्येक संकोच आधीच्यापेक्षा कष्टाने घडतो. पृथ्वीच्या आंतरगाभ्यात ३३० गिगापास्कलहून अधिक, म्हणजे वातावरणाच्या तीस लाख पटींहून अधिक दाब असतो, आणि तेथील मुख्यतः लोखंडाचे द्रव्य हजारो अंश तापलेले असूनही भूपृष्ठावरील लोखंडाच्या दीडपटीहून अधिक घन असते.

यावर स्वभाववादी असे म्हणू शकेल की उष्णता आणि दाब या आगंतुक उपाधी असून त्या दूर केल्या की वस्तूचे खरे काठिण्य उरेल. हा युक्तिवाद गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण तापमान निरपेक्ष शून्याकडे नेले असता संपीड्यता खरोखरच एका ठरावीक मर्यादेवर स्थिरावते. परंतु ती मर्यादाही शून्य नसते. पूर्णतः असंपीड्य पदार्थात ध्वनीचा वेग अनंत झाला असता आणि सापेक्षता सिद्धांत तसा वेग मान्य करत नाही. म्हणजे निरपेक्ष काठिण्य केवळ आढळत नाही एवढेच नव्हे, तर ते संभवतही नाही. दाबाच्या प्रयोगांसाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे पर्सी ब्रिजमन यांनी १९२७ मध्येच असे प्रतिपादन केले होते की भौतिक संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या क्रियांत असतो. हे मत सर्वत्र लागू करणे अतिरेकाचे ठरेल, परंतु संपीड्यतेपुरते ते चपखल आहे, कारण दाबाचा विचार वगळून या गुणाची व्याख्याच करता येत नाही.

तरीही नागार्जुनाचा विजय इतक्यात घोषित करणे घाईचे होईल. सोडियम आणि हिरा एकाच दाबाखाली, एकाच तापमानात वेगळे वागतात, आणि हा भेद दाबाने दिलेला नाही; दाबापुढे कसे नमावे याची प्रत्येक पदार्थाची रीत त्याची स्वतःचीच दिसते. मात्र या रीतीचे मूळ शोधू लागले की हाती येतो तो पाउलीचा १९२५ चा अपवर्जन नियम, ज्यानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत आणि म्हणूनच द्रव्य कोसळत नाही. हा प्रतिकार कोणत्याही एकट्या इलेक्ट्रॉनमध्ये नसतो. तो दोघांमधला असतो. लक्षणीय गोष्ट अशी की वसुबंधूच्या ग्रंथातही सर्वांत सूक्ष्म रूप म्हणजे एकटे द्रव्य नसून किमान आठ द्रव्यांचा संघात आहे, त्यात पृथ्वीबरोबर तेजही अनिवार्यपणे येते, आणि त्यामुळे उष्णतेवाचून असलेले काठिण्य त्याच्याही व्यवस्थेत कोठे आढळत नाही.