उसळी

आईचं वय ८२, मणक्याची हाडं ठिसूळ झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास कमी करा. आईनं मान डोलावली आणि दवाखान्याचा जिना उतरल्यावर मला म्हणाली, "तुझ्या त्या गाडीचं काहीतरी कर. मी काही विंझरला जायची थांबणार नाही." विंझर तिचं माहेर. दर एकादशीला जाते.

गाडी म्हणजे २०१४ची जुनी थार, फोर बाय फोर. मी गुरांचा डॉक्टर. नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हे आणि अडलंच तर त्याच्याही पुढे केळदच्या अंगाला, असा रोजचा सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फेरा. चारही चाकांना ओढ द्यावी लागते असे दिवस वर्षाला फार तर चाळीस, तेही भातलावणीच्या सुमारास. उरलेले सव्वातीनशे दिवस ती बसणाऱ्याला आपटणारी एक गाडी असते, बाकी काही नाही. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. मागच्या फळीवर नायट्रोजनचा कंटेनर दोरीनं आवळलेला. त्यात उणे १९६ अंशांवर रेतमात्रा बुडवलेल्या असतात. तो उलटला तर माझा महिनाभराचा धंदा वाफ होऊन जातो. तेव्हा सुख हवं होतं ते एकट्या आईलाच, असं नाही.

मी पुण्यात एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं जाडजूड, पिवळेधमक शॉकअप काढून समोर ठेवले. "सर, एकदा टाका, गाडी दगड होईल." ३८ हजार मोजले. पोरगा खोटं बोलला नव्हता. गाडी दगडच झाली. पहिल्या एकादशीला आई विंझरला उतरली आणि मामांच्या ओसरीवर अर्धा तास नुसती बसून राहिली. चौथ्या महिन्यात मागच्या शॉकअपचं वरचं ब्रॅकेट वेल्डिंगपाशी चिरलं.

नसरापूरच्या मिस्त्रीनं गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "डॉक्टर, हे शॉकअप पुढं विंच, लोखंडी बंपर आणि वर टपावर सामान असलेल्या गाडीचे. तुम्ही फिरवता रिकामी गाडी. आधी सांगा, तुमची गाडी किती वजन घेऊन चालते? मग शॉकअपचं बोलू." हा प्रश्न मला पुण्यात कोणी विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता. मी रोज गायीचं वजन अंदाजून औषधाची मात्रा ठरवतो.

मग त्यानं मला जे शिकवलं, ते पन्नाशी ओलांडल्यावर मला नवं होतं. शॉकअप धक्का खात नाही. धक्का खातात पाटे आणि स्प्रिंगा. खड्डा आला की त्या दबतात, आणि दबलेली स्प्रिंग घेतलेलं सगळं परत करते. गाडी वर उसळते, पुन्हा खाली जाते, पुन्हा वर. शॉकअप नसेल तर एका खड्ड्याचे हेलकावे पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरतात. शॉकअपच्या नळकांड्यात तेल असतं. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल रेटावं लागतं, त्यात उसळीचा जोर जिरतो आणि उष्णता होते. केळदहून परतल्यावर मी एकदा हात लावून पाहिला, बोट पटकन मागं घ्यावं लागलं. तेल घुसळून त्यात फेस धरू नये म्हणून आत थोडा नायट्रोजन भरतात. म्हणजे माझ्या गाडीत नायट्रोजन दोन ठिकाणी आहे, एक गायींसाठी आणि एक आईसाठी.

पण खरी गोम पुढे आहे. चांगला शॉकअप दोन्ही दिशांना सारखा कडक नसतो. दबताना तो बराच सैल असतो, चाकाला वर येऊ देतो. परतताना मात्र आवळून धरतो. मिस्त्रीनं जुना शॉकअप माझ्या हातात देऊन खेचायला लावला, मग दाबायला लावला. दाबताना सहज गेला. ओढताना दात खावे लागले. "मार येताना आडवं यायचं नाही," तो म्हणाला, "उसळताना धरायचं." आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझा संपला नाही, कारण घरात आमचा एक जुना वाद आहे. २००९ साली वडील गेले तेव्हा धाकट्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. स्मशानातून आल्यावर लोक त्यांना स्थितप्रज्ञ म्हणाले. आई मात्र तेरा दिवस रडत होती, आल्यागेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून. लोक म्हणाले, एवढी गीता वाचते, काय उपयोग? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, हे आज कबूल करतो. चौदाव्या दिवशी सकाळी तिनं तांदूळ निवडायला घेतले आणि मला विचारलं, "आज कुठं जायचंय तुला?" काका पुढे सात-आठ वर्षं घरात ताट आपटत राहिले. काकू त्यांच्या पावलांच्या आवाजावरून अंदाज घेऊन बोलायची. धक्का त्यांना बसला नाही असं कसं म्हणू? तो सरळ चासीत गेला आणि चिरलं ते दुसरंच कुणीतरी.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. हा प्रश्न त्यानं विचारला तेव्हा तो रथातच बसला होता, ही गोष्ट मला गाडी चालवायला लागल्यापासून गंमतीची वाटते. कठोपनिषदातही देह म्हणजे रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि विषय हा रस्ता. सगळं आलं, पाटे तेवढे राहिले. आपल्या 'सुख' शब्दाची कुळकथाही गाडीचीच आहे. 'ख' म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्यातलं, ज्यात आस बसतो. ते नीट असेल तर सु-ख. ऋग्वेदात हे रथाचं विशेषण म्हणून येतं, सहज चालणारा रथ. 'दुःख' त्याच्या उलट म्हणून सांगतात, तरी काही पंडित तो 'दुःस्थ' या शब्दावरून आला असं मानतात. मी पंडित नाही. पण आसाचं भोक घासलं की गाडी काय बोलते, ते मी रोज ऐकतो.

आईजवळ विनोबांच्या 'गीता प्रवचनां'ची खिळखिळी प्रत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली प्रवचनं, साने गुरुजींनी उतरून घेतलेली. तिला मी मिस्त्रीचं बोलणं सांगितलं आणि विचारलं, समत्व म्हणजे धक्का न लागणं की लागून न उसळणं? तिनं चष्मा काढला. "ज्याला लागतच नाही त्याला सहन कर म्हणून कोण सांगेल? अर्जुनाला सांगितलंय सहन कर. म्हणजे लागतं हे कृष्णानं धरलंच आहे."

मला तिचं पटतं. गीतेतल्या या सहन करण्याला तितिक्षा म्हणतात. त्या शब्दाकडे आपण पुण्यातल्या त्या पोरासारखे बघतो, माणूस दगड व्हावा म्हणून. गेल्या पावसाळ्यात एका वाडीवर म्हैस विताना गेली. मालक मला चारचौघांत नको ते बोलला. मी गप्प राहिलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढचे तीन आठवडे माझ्या हाताखालच्या पोरावर मी क्षुल्लक कारणांनी खेकसत होतो. येणारा मार रोखण्यात सगळी ताकद गेली, उसळीला धरायला काही उरलंच नाही. त्या मालकापाशी तिथल्या तिथे खाली बसून दोन अश्रू ढाळले असते तर पोरगा वाचला असता. म्हैस माझ्याही हातातच गेली होती.

आणखी एक गोष्ट नंतर वाचनात आली. गाडी एकदाही न डोलता थेट जागेवर येऊन थांबावी एवढा रोध शॉकअपमध्ये भरता येतो. पण आरामाची गाडी बनवणारे तसं करत नाहीत. त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. एखाद-दुसरा हेलकावा राहू देतात. सेकंदाला एक-दीड झोका माणसाला मानवतो, चार ते आठ हादरे बसायला लागले की पोट आणि मणका तक्रार करतात. शॉकअप फार कडक केला की झोका मरतो आणि हादरे उरतात. आईचे ते तेरा दिवस मी आता या हिशोबात बघतो. उपमा ताणतोय म्हणाल तर म्हणा.

शेवटी काय केलं ते सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात. पिवळे शॉकअप काढले. कंपनीच्याच लांबीचे, रिकाम्या गाडीच्या वजनाला जुळणारे, कमी दाबाचा गॅस भरलेले दुहेरी नळीचे साधे शॉकअप टाकले. मागचे पाटे सोडवून गंज घासला, ग्रीस केलं, बुश बदलले. गंजलेले पाटे एकमेकांना धरून ठेवतात, तिथं कितीही भारी शॉकअप लावा, फुकट. चाकांतली हवा सहा पौंडांनी उतरवली. अर्धा फरक तर हवेनंच पडला. तो फुकटातला होता आणि मी तो सर्वांत शेवटी करून पाहिला.

या शॉकअपवर आता ४१ हजार किलोमीटर झालेत. मागच्या डाव्याला तेल सुटायला लागलंय. कार्तिकी एकादशीच्या आत बदलायचे आहेत, हेच घेणार.