ऑलिंपस मॉन्स आणि जुन्नरचा काळा कातळ

मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा सूर्यमालेतला सर्वांत उंच ज्ञात ज्वालामुखी. उंची सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या अडीच पट. पायथ्याची रुंदी सुमारे ६०० किलोमीटर; एवढ्या घेरात जवळजवळ महाराष्ट्राएवढी जमीन मावते. माथ्यावरचे मुख सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. उतार मात्र सरासरी ५ अंशांचाच. त्यामुळे अंगावर उभ्या असलेल्या माणसाला हा डोंगर डोंगर म्हणून दिसणारच नाही.

इटलीचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांना १८७९ साली दुर्बिणीतून तिथे एक उजळ ठिपका दिसला. त्याला त्यांनी ‘ऑलिंपसचा बर्फ’ म्हटले. हा ठिपका ज्वालामुखी आहे, हे १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर ९ यानाने उघड केले.

हा ज्वालामुखी इतका वाढला, कारण मंगळाचे कवच पृथ्वीसारखे सरकत नाही. एकाच जागी कोट्यवधी वर्षे पातळ, दूरवर वाहणारा लाव्हा साचत राहिला. गुरुत्वाकर्षणही पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच, म्हणून एवढा भार उभा राहू शकला.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचा कातळही अशाच लाव्हाचा, बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये तो मुख्यतः लांबच लांब भेगांमधून उसळला आणि थरावर थर पसरत गेला. शिवनेरीच्या कड्यावर आणि आसपासच्या डोंगरांच्या पायऱ्यांवर हे थर आजही मोजता येतात. पुढे भारताची भूमी उत्तरेला सरकली आणि खालचा उष्णतेचा स्रोत मागे राहिला. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस ही त्याचीच वाट असून आजचा रियुनियनचा ज्वालामुखी हे तिचे टोक आहे. जमीन सरकली तिथे माळ झाली. थांबली तिथे पर्वत झाला.

याच कातळावर, जुन्नरजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदमध्ये आणि काही आसपासच्या गावांत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘स्कियापारेल्ली’ हेच नाव दिलेले युरोपचे यान मंगळावर उतरत असताना सुमारे १० मिनिटांचा प्रवास करून आलेला त्याचा क्षीण संदेश या तबकड्यांनी टिपला. उतरण्याच्या थोडे आधी तो तुटला. यान आदळले होते.

मंगळाचा अभ्यास करू पाहणाऱ्या इथल्या मुलांनी आकाशाकडे जरूर पाहावे. पण त्याआधी शिवनेरीच्या कड्याचे थर एकदा मोजावेत. त्या दूरच्या पर्वताचा पहिला धडा तिथेच लिहिलेला आहे.